उतू गेलेलं शुभ

शुक्रवार, रात्री साडेअकरा
डोर काउंटी, विस्कॉन्सिन, अमेरिका

उद्या लेकाचं लग्न. झोप येत नाही. केसांना धुराचा वास येतोय आणि एवढ्या रात्री न्हायचं जिवावर आलंय. म्हणून वही उघडली.

इथे आदल्या दिवशी लग्नाची तालीम असते. कोण कुणाच्या मागून चालणार, कुठे थांबणार, अंगठ्या कुणाच्या खिशात, सगळं एकदा करून बघतात. मग जवळच्या माणसांचं जेवण, रिहर्सल डिनर. ते रिवाजाने मुलाकडच्यांनी द्यायचं. लेकाने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी हरखलेच. आपल्याकडे आदल्या संध्याकाळी श्रीमंतपूजन. माझ्या वेळी बाबांनी वाकून यांचे पाय धुतले. त्यांची कंबर धरलेली होती. उठताना त्यांनी पाटावर हात टेकला, तो हात मला आजही दिसतो. आपण वरमाई होऊ तेव्हा कुणाला असं वाकायला लावायचं नाही, हे त्याच मांडवात मनाशी धरलं होतं. आणि इथे तर वाढायचं काम आपलंच!

बहुतेक जण रेस्टॉरंटमध्ये वेगळी खोली घेतात. लांब टेबल, ग्लास उंचावून भाषणं. मला ते नको वाटलं. माझ्या दोन्ही नणंदा इंग्रजी बोलायला बिचकतात, त्या त्या टेबलाशी अंग चोरून बसल्या असत्या. काहीतरी हाताने करायचं असेल तर माणसं मोकळी होतात, असं म्हटल्यावर लेकच म्हणाला, "आई, मग फिश बॉइल करू. आपली पोपटीच समज."

अलिबागच्या बाईला एवढं पुरलं. पोपटीत पाणी नसतं. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा आणि उपड्या मडक्याभोवती जाळ. इथे उलट. भाड्याच्या घरामागच्या अंगणात, लाकडांवर मोठं काळं पातेलं आणि त्यात खारं पाणी. आधी जाळीच्या टोपलीत बटाटे, मग कांदे, शेवटी मिशिगन सरोवरातल्या व्हाइटफिशचे जाड काप. मीठ मुठीमुठीने घालत होते, मी धास्तावलेच. पण त्या मिठामुळे पाणी जड होतं आणि माशाचं तेल, फेस वर तरंगतो. ही सगळी घाण काढायची कशी? तर मासा शिजत आला की रांधणारा सगळ्यांना मागे व्हायला सांगतो आणि जाळावर रॉकेल फेकतो.

भप्पकन जाळ उठला, माणसाच्या डोक्याच्याही वर. पातेलं चहूबाजूंनी उतू गेलं, तेल-फेस-राख सगळं वाहून गेलं आणि त्याच पाण्याने आग बसली. क्षणभर सगळे गप्प. मग धाकट्या नणंदेने टाळी वाजवली, "उतू गेलं गं, शुभ झालं!" लेकाने व्याह्यांना समजावलं की आमच्याकडे रथसप्तमीला अंगणात दूध मुद्दाम उतू घालवतात. व्याही ते "उटू गेलं" म्हणून जो येईल त्याला सांगत सुटले.

मासा अगदी साधा, वरून वितळलेलं लोणी. मला तिखटाची आठवण झाली हे खरं, पण ताज्या माशाची गोडी होती. घरून आणलेल्या आमसुलांची सोलकढी केली होती. नारळाचं दूध डब्यातलं, तरी रंग छान उतरला. शाकाहारी नणंदेचे बटाटे वेगळ्या पातेल्यात उकडले होते, त्यावर तिने लसणाची चटणी घातली. ती चटणी नंतर तिच्या हाती राहिलीच नाही.

सुनेची आजी माझ्या शेजारी बसली होती. मला काटे कसे काढायचे ते दाखवायला तिने सुरी उचलली, तेवढ्यात मी बोटांनी मधला काटा अख्खा ओढून काढला. तिने सुरी खाली ठेवली आणि आपली ताटली माझ्यापुढे सरकवली. मी तिच्या माशाचे काटे काढून दिले. फार बोलणं झालं नाही आमचं. जेवणानंतर चेरी पाय, म्हणजे चेरी भरलेला भाजलेला गोड पदार्थ, आला तेव्हा तिने स्वतःच्यातला मोठा तुकडा माझ्या ताटलीत घातला.

भाषणं झालीच नाहीत. कुणाला आठवलंही नाही.

खिडकीतून दिसतंय, हे आणि व्याही अजून खाली आहेत. हे काठीने निखारे पसरतायत, व्याही बादलीने पाणी घालतायत.