चाळिशीनंतरचा व्यायाम खुर्चीपासून

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, त्यातही झटकन जोर लावणारे तंतू आधी. तोल गेला की सावरायला नेमके तेच लागतात, म्हणून नुसतं चालणं पुरत नाही.

खुर्चीपासून सुरुवात करा. पावलांत खांद्याएवढं अंतर, हात छातीवर. उठा, मग मनात 3 मोजत सावकाश बसा. असं 10 वेळा, 3 फेऱ्या, आठवड्यातून 2 दिवस. धपकन बसलात तर अर्धी मेहनत वाया! गुडघे आत वळत असतील तर खुर्ची उंच घ्या. शेवटचे दोन-तीन जड जायलाच हवेत. 12 सहज जमले की हातात 2 किलोचं डंबेल घ्या.

श्वास मात्र कोंडू नका, रक्तदाब एकदम चढतो. उठताना सोडा, बसताना घ्या. छातीत दुखलं तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठा.