सफारीची नोंद ६ : न्डुटूच्या झळा आणि निर्दोष ठरलेली लेन्स

गेल्या एप्रिलमध्ये सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काढलेले लांडग्याचे फोटो मऊ (म्हणजे अस्पष्ट) का आले, यावर मी चौथ्या नोंदीत बरेच लिहिले होते आणि सारा दोष माझ्या २००-६०० मिमी लेन्सच्या माथी मारला होता. परत आल्यावर ती दुरुस्तीला टाकली, तीन आठवडे वाट पाहिली, पैसे मोजले आणि ‘कॅलिब्रेशन केले आहे’ एवढ्या एका वाक्यावर समाधान मानून ती इकडे टांझानियात आणली. आज न्डुटूच्या तंबूत बसून तो आरोप मी जाहीरपणे मागे घेत आहे.

काल सकाळी साडेदहाच्या सुमारास चित्त्याची मादी आणि तिची तीन पिल्ले आखूड गवताच्या मैदानात दिसली. न्डुटू हा भाग सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात नसून न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात मोडतो आणि येथे रस्ता सोडून गाडी नेण्याची मुभा आहे. तरीही पिल्ले बुजू नयेत म्हणून आमच्या चालकाने साधारण १२० मीटरवर गाडी थांबवून इंजिन बंद केले. एकेक पिल्लू आईच्या पाठीवर चढत होते, प्रकाश स्वच्छ होता, शटर १/२००० सेकंदाचे होते आणि डोळ्यावरचा फोकस एकदाही सुटला नाही. मी ४१२ फ्रेम घेतल्या. रात्री लॅपटॉपवर त्या शंभर टक्के मोठ्या करून पाहिल्या, तेव्हा अक्षरशः रडू आले. टीपकागदावर शाई पसरावी तसे अंगावरचे ठिपके एकमेकांत मिसळले होते, कानाची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसत होती आणि एका पिल्लाच्या मिशीचा प्रत्येक केस दुहेरी झाला होता.

ह्यांनी मात्र सगळ्या फ्रेम एकामागून एक झरझर पुढे सरकवल्या आणि जे मला नान्नजच्या वेळी सुचले नव्हते ते अचूक पकडले. लेन्सच्या फोकसमध्ये दोष असता तर प्रत्येक फ्रेम साधारण सारखीच मऊ आली असती. येथे चित्ता स्थिर बसलेला असूनही त्याच्या कानाची कड प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी वाकलेली होती. म्हणजे हलत होती ती आमच्यामधली हवा. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट वर येतात, त्यांची घनता आजूबाजूच्या हवेपेक्षा वेगळी असल्याने प्रकाश ठिकठिकाणी वाकतो, आणि मोठी लेन्स तो थरथराटही तितकाच मोठा करून दाखवते. शटर कितीही वेगवान ठेवले तरी वाकून आलेला प्रकाश सरळ होत नाही. ताडोबात हा त्रास कधी का झाला नाही, याचेही उत्तर यातच आहे: तेथे झाडांची सावली असते आणि वाघ बहुधा वीस-तीस मीटरवर असतो.

आजचा दिवस आम्ही केवळ पडताळणीसाठी राखला. सूर्योदय पावणेसातला झाला. सात वाजता मी १०० मीटरवरच्या एका बाभळीचे वीस फोटो काढले आणि त्यांतला काटा न् काटा मोजता येत होता. त्याच जागेवरून त्याच बाभळीचे अकरा वाजता काढलेले वीसही फोटो निकामी ठरले. लेन्स निर्दोष असल्याचा याहून सरळ पुरावा मला नको.

त्यानंतर लक्षात आले की, सगळ्या झळा जमिनीच्याच नव्हत्या, काही आम्ही स्वतः सोबत घेऊन फिरत होतो. लँड क्रूझरचे इंजिन बंद केल्यावरही बॉनेट बराच वेळ तापलेले राहते आणि काल मी नेमकी त्याच्यावरून फोटो काढत होते. गाडी थोडी वळवून, वारा बॉनेटची गरम हवा मागे नेईल अशा बेताने उभी केली, तर फरक डोळ्यांना दिसतो. दुसरी बाब हूडची, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणाऱ्या सावलीच्या नळीची. रात्रभर गार पडलेली लेन्स उन्हात काढली की हूडच्या नळीत गार आणि गरम हवा घुसळत राहते. हूड काढून टाकल्यावर नवाच्या सुमारासच्या फ्रेम स्पष्टपणे सुधारल्या. तिसऱ्या बाबीवर आमचे अजून एकमत नाही. प्राण्याच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो मिळावा म्हणून ह्यांचा आग्रह खिडकीतून काढण्याचा असतो, परंतु त्या कोनात प्रकाश जमिनीला जवळजवळ चिकटूनच प्रवास करतो. उघडलेल्या छतातून फोटो थोडा चपटा येतो, पण झळ कमी लागते. माझ्या मते दहानंतर छतच बरे.

सर्वांत मोठा आनंद सकाळी ७.२० ला मिळाला. विल्डबीस्टचे (कळपाने फिरणाऱ्या आफ्रिकी कुरंगाचे) नुकतेच जन्मलेले वासरू चार वेळा पडून पाचव्यांदा उभे राहिले, आणि त्या फ्रेममध्ये त्याच्या ओल्या पापण्या सुट्या सुट्या दिसतात. ओल डोइन्यो लेंगाईसारख्या ज्वालामुखींच्या राखेवर वाढलेले हे गवत कॅल्शियमने समृद्ध असते, म्हणून जानेवारी ते मार्च या काळात लाखो माद्या विण्यासाठी याच मैदानांवर येतात.

लेन्स टेकवण्याच्या बीनबॅगबद्दल विचारणाऱ्यांसाठी: जुन्या जीन्सची पिशवी घरी शिवून रिकामी आणली आणि अरुशा शहरातल्या दुकानातून चार किलो तांदूळ घेऊन भरली. स्वाहिलीतही दुकानाला ‘डुका’ आणि गाडीला ‘गारी’ म्हणतात, त्यामुळे खरेदी सोपी झाली. बाजारातल्या महागड्या तयार बॅगेपेक्षा ही खिडकीच्या कडेवर कितीतरी घट्ट बसते. निघताना तांदूळ कॅम्पच्या स्वयंपाकघरात देणार आहोत.

उद्यापासून तीन दिवस सेरोनेरा, म्हणजे सेरेंगेटी उद्यानाचा मध्यभाग. तेथे राष्ट्रीय उद्यानाचे नियम लागू असल्याने रस्ता सोडता येणार नाही, म्हणजे जवळ जाण्याचा मार्ग बंद. मूळ बेत नाबी टेकडीभोवतीच्या मैदानांत चित्ते शोधण्याचा होता. तो आता फक्त सकाळी नऊपर्यंत ठेवू. त्यानंतर नदीकाठच्या झाडांवरचे बिबटे शोधावेत असे मला वाटते, कारण वर पाहताना दृष्टी तापलेल्या जमिनीपासून लवकर सुटते. आणि हे लिहितानाच आणखी एक कल्पना सुचली: भर दुपारी क्षितिजावरून जाणारी विल्डबीस्टची रांग मृगजळात पाय विरघळल्यासारखी दिसते. तेथे तीक्ष्णतेचा हट्ट सोडून त्या थरथरीचाच फोटो का काढू नये? ह्यांना ते पटलेले नाही. त्यांच्या १००-४०० लेन्सवर ते स्वतः बिबट्याचीच वाट पाहणार आहेत. चालकाला सहाला निघण्याचे सांगून ठेवले आहे आणि न्याहारी डब्यातून बरोबर घेणार आहोत, म्हणजे नऊच्या आतला एकही मिनिट कॅम्पवर वाया जाणार नाही.