काच असेल तर

तुरुंगात असलेल्यांच्या मुलांबरोबर मी काम करते. मुलाला भेटीला नेणं लोकांना दिसतं; खरं काम आदल्या आठवड्यातलं. दार मागे लागताना केवढा आवाज होतो, झडती घेणारी बाई खिसे, बूट, केस सगळं बघेल, बाहुली बाहेर ठेवावी लागेल, बाबा खुर्चीवरून उठणार नाही कारण त्याला परवानगी नाही, तो रुसलेला नाही, हे मी खोलीचं चित्र काढून समजावते. निघताना आधी कोण उठणार तेही ठरवते. बाबाला आत नेताना बघणं मुलांना फार जड जातं. या तयारीचा मला अभिमान आहे.

त्या सात वर्षांच्या मुलीला मी सांगितलं होतं, गेल्या गेल्या एक मिठी, निघताना एक. तिने दोन्ही मिठ्या चित्रात काढल्या होत्या. आत गेलो तर मध्ये काच. आदल्या संध्याकाळी खुल्या भेटी बंद केल्या होत्या, आणि आम्हाला कळवावं असं कुणालाही वाटलं नव्हतं.

रिसीव्हर एकच, तो आजीच्या हातात. मुलगी रडली नाही. काचेकडे बघत हळूच म्हणाली, "बाबा, तुला नको होती का मिठी?"

त्याला ऐकूच गेलं नाही. तो हसला आणि मान हलवली.

सकाळी मी एक फोन करायला हवा होता. ती चूक माझीच. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतलं नववं कलम सांगतं की, दुरावलेल्या आईवडिलांशी नियमित संपर्क ठेवणं हा मुलाचा हक्क आहे. मुलाचा! आणि इथे भेट म्हणजे कैद्याची सवलत. आत काही गडबड झाली की आधी तीच बंद. बाहेरच्या पोराने काय केलेलं असतं?

त्या हललेल्या मानेचा अर्थ तिने काय लावला, ते दोन दिवस ती बोललीच नाही म्हणून मला समजलं. मग मी तिच्या बाबाकडून पत्र लिहून घेतलं. "मला तुझं ऐकू आलं नाही. मला मिठी हवी होती." तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि घडी घालून दप्तरात ठेवलं. तिला ते पटलं की नाही, मला अजून उमगलेलं नाही.

काल पुढच्या भेटीची तयारी करत होतो.

"ताई, काच असेल का?"

"नक्की सांगता येत नाही गं. सकाळी फोन करून विचारणार आहे."

तिने आणखी एक कागद ओढला. "मग यात काच काढ. आणि फोन माझ्या हातात दे."