पिजदुऱ्याचे धुरे आणि प्राइमेटचा माग

वरोऱ्याजवळच्या पिजदुऱ्यात प्राइमेटचा (माकडं, वानर, माणूस ज्या गटात येतात त्याचा) जीवाश्म मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. इथला लॅमेटा नावाचा गाळाचा थर डायनोसॉरच्या काळातला. वाट वाकडी करायची ती त्या काळाचा दगड हातात घ्यायला.

नागपूरहून वरोरा साधारण 100 किमी. पराटी (कापसाची झाडं) उपटल्यावर, फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोनं चिकटते. शेतमालकाला विचारल्याशिवाय शेतात शिरू नका. नांगराला लागलेले दगड धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) टाकलेले असतात, पहिली नजर तिथेच टाका. लाल-हिरवट मातीत शेणाचे दगड झालेले गोळे दिसतात. याच गोळ्यांत 2005 मध्ये गवताचे सिलिका कण ओळखले गेले, म्हणजे गवत डायनोसॉरच्याही काळात होतं. हाड वाटलं तर तुटलेली कड दहापट भिंगाखाली धरा: हाडात स्पंजासारखी छिद्रं असतात, चुनखडीची गाठ भरीव असते.

सस्तन प्राण्यांचे दात मात्र 1-2 मिमीचे, चालता चालता दिसणारच नाहीत. तेलंगणातल्या नस्कल इथे लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात ते मिळाले, 1988 मध्ये त्या प्राण्याचं नाव पडलं डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. (हिस्लॉपी म्हणजे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून; ते 1863 मध्ये टाकळघाटच्या शिळावर्तुळांकडून परतताना ओढ्यात बुडाले.) घोट्याची हाडं झाडावर चढणाऱ्याची, म्हणून त्याला प्राइमेटच्या गोतात बसवण्याचा मोह झाला. 2010 च्या अभ्यासानं तो अ‍ॅडॅपिसोरिकुलिड नावाच्या, आता नामशेष झालेल्या कुळात टाकला. खरे प्राइमेट सुरतजवळच्या वस्तान लिग्नाइट खाणीत: मार्कगोडिनोशियस, एशियाडॅपिस, सुमारे 5 कोटी 45 लाख वर्षांपूर्वीचे, युरोपातल्या आद्य प्रकारांशी जवळीक असलेले. नस्कल आणि वस्तानमध्ये एक कोटीहून जास्त वर्षांचं अंतर. प्राइमेट भारतातच जन्मून बाहेर गेले म्हणणाऱ्यांची अडचण नेमकी तिथे आहे.

ट्रॅपमधला (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकातला) असा गाळ विदर्भात नव्या विहिरीच्या मलब्यात किंवा नाल्याच्या काठात दिसतो. चर्ट (गारगोटीसारखा कठीण दगड) नको, तो पाण्यात फुटून सुटत नाही; मऊ माती किंवा चिकणमाती घ्या, निदान 20 किलो. आधी कडक उन्हात खडखडीत वाळवा. बहुतेकांचं इथेच चुकतं: ओलसर ढेकूळ पाण्यात तसंच बसून राहतं, वाळलेलं पाणी ओढून फुटतं. मग 0.5 मिमीच्या चाळणीतून धुवा, बोटानं दाबू नका, दात मोडतात. उरलेला चाळ वाळवून ओल्या बारीक ब्रशनं भिंगाखाली निवडा. प्रत्येक पिशवीवर जागा आणि थर लिहा. चिठ्ठी पिशवीत टाकली तर ओल्या मातीनं अक्षरं जातात.