काटा शून्यावर, गाडी मात्र पळतेय

आज रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेच्या वळणांवर स्पीडोमीटरचा काटा धपकन शून्यावर आला. गाडी आपली मजेत चाललेली! बायको म्हणाली, "अहो, आपण थांबलोय का?" मग काटा परत वर, परत खाली. थोड्या वेळाने चेक इंजिनचा दिवाही पेटला.

पुळ्यातल्या मेकॅनिकदादांनी स्कॅनर लावला. कोड पी०५००, म्हणजे स्पीड सेन्सरचा सिग्नल नीट येत नाही. "खाऱ्या वाऱ्यानं कनेक्टर खाल्लान हो तुमचा!" प्लग काढला तर आतल्या पिना हिरव्यागार. कोकणात लोखंडी ग्रिल टिकत नाही, तिथे या नाजूक पिनांची काय कथा!

दादा म्हणाले, काटा नाचणं हे तर सरळ दिसतंच. पण किलोमीटरचा आकडा पुढे न सरकणं, वेग घेतल्यावर आपोआप लागणारे दरवाजे न लागणं, ऑटोमॅटिक गाडीत गिअर धक्का देऊन पडणं, क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) बंद होणं, हीही लक्षणं असू शकतात. काही गाड्यांत सेन्सर चाकापाशी असतो, तिथे एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही लागतो. तो लागला तर करकचून ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ शकतात, म्हणून ते दुखणं अंगावर काढू नये.

आमचं पिना साफ करून भागलं, नवा सेन्सर लागला नाही. तुमच्यापैकी कुणाचा काटा असा नाचलाय का?