मिथेनमधला कार्बन आला कुठून?

कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एका भांड्यात घेऊन त्यावर ऊन पडू दिले आणि इंधन तयार झाले, अशी बातमी अधूनमधून येतेच, आणि माझे शिक्षण रसायनशास्त्रात झाले आहे हे ठाऊक असलेले नातेवाईक ती हमखास मला पाठवतात. नवा उत्प्रेरक जुन्यापेक्षा किती पटींनी सरस आहे, हे त्या बातमीत ठळकपणे सांगितलेले असते. मला मात्र आधी वेगळीच चौकशी करावीशी वाटते: भांड्यात जे मिथेन किंवा कार्बन मोनॉक्साइड सापडले, त्यातला कार्बन खरोखर त्या कार्बन डायऑक्साइडमधलाच होता का?

या विषयाची सुरुवात जपानमध्ये झाली, असे मानायला हरकत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करता येते, हे फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये दाखवले. पुढे 1979 मध्ये याच दोघांनी इनोउए आणि कोनिशी यांच्यासह, पाण्यात मिसळलेल्या अर्धवाहकांच्या भुकटीवर कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड आणि मिथेनॉल मिळाल्याचे प्रसिद्ध केले. तत्त्व सोपे आहे. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि खाली त्याची जागा रिकामी राहते. वरच्या इलेक्ट्रॉनने कार्बन डायऑक्साइडचे क्षपण करायचे, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन द्यायचे, आणि रिकाम्या जागेने पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेऊन ऑक्सिजन मोकळा करायचा.

घोडे अडते ते प्रत्यक्षात. टायटॅनियम डायऑक्साइडला सुमारे 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे त्याला अतिनील किरणच चालतात, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. दुसरे म्हणजे, कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला एकच इलेक्ट्रॉन देऊ पाहिले तर सुमारे उणे 1.9 व्होल्ट विभव लागते, जे या अर्धवाहकाच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून अनेक इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांची देवघेव जुळवून आणावी लागते. मिथेनॉलच्या एका रेणूसाठी सहा इलेक्ट्रॉन लागतात, मिथेनसाठी आठ. शेजारच्या पाण्यातून हायड्रोजन सुटायला मात्र दोनच पुरतात, त्यामुळे बऱ्याचदा इलेक्ट्रॉन तिकडेच वळतात आणि कार्बनयुक्त पदार्थ अगदी किंचित पदरात पडतो.

आणि पदार्थ किंचित असला की लबाडी नसतानाही फसगत होते. उत्प्रेरकाची भुकटी पुष्कळदा सेंद्रिय द्रव्यांपासून बनवलेली असते, त्यांचा अंश तिच्या पृष्ठभागावर उरतो. काचेच्या सांध्यांना लावलेले ग्रीस असते, विद्रावकाचे अवशेष असतात. हा कार्बनही प्रकाशात मोडतो आणि त्यातूनही कार्बन मोनॉक्साइड व मिथेन बाहेर पडतात. नेदरलँड्समधील गिडो मुल यांच्या गटाने 2010 मध्ये तांबेयुक्त टायटॅनियम डायऑक्साइडला कार्बन-13 हे समस्थानिक, म्हणजे कार्बनचेच किंचित जड रूप, असलेला कार्बन डायऑक्साइड पुरवला, तेव्हा तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये प्रामुख्याने साधा कार्बन-12 आढळला. भुकटीवर पाण्याच्या वाफेत दीर्घकाळ प्रकाश टाकून ते अवशेष कमी केले, तर उत्पादनही लक्षणीय घटले.

तेव्हापासून समस्थानिकाची चाचणी ही या क्षेत्रात जवळपास सक्तीची झाली आहे, पण तीही डोळे मिटून मान्य करण्यासारखी नाही. कार्बन-13 असलेल्या कार्बन मोनॉक्साइडचे वस्तुमान 29 भरते, म्हणून रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या वस्तुमान-वर्णपटमापीच्या आलेखात 29 वर शिखर दिसले की काम झाले, असे वाटते. प्रत्यक्षात, न वापरता उरलेला कार्बन-13 चा कार्बन डायऑक्साइड वस्तुमान-वर्णपटमापीत शिरला की तिथेच तुटून तेच 29 चे शिखर देतो. कार्बन-13 असलेल्या मिथेनचे 17 हे शिखरही असेच संशयास्पद, कारण पाण्याच्या रेणूचा एक तुकडाही 17 वरच येतो. वायू आधी क्रोमॅटोग्राफच्या नळीतून वेगवेगळे करून, प्रत्येकाची बाहेर पडण्याची वेळ जुळवून पाहिली असेल, तरच त्या शिखराला अर्थ आहे.

ऑक्सिजनचा हिशेबही मागायला हवा. पाण्यापासून मिथेनचा एक रेणू झाला, तर ऑक्सिजनचे दोन रेणू सुटले पाहिजेत. कित्येक प्रयोगांत ही कटकट टाळण्यासाठी ट्रायइथेनॉलअमाइनसारखे द्रव्य घालतात, जे स्वतः खर्ची पडून इलेक्ट्रॉन पुरवते. यंत्रणा समजून घेण्यासाठी ते ठीक आहे. परंतु विकतचे रसायन जाळून मिळवलेल्या वायूला सौर इंधन म्हणणे मला पटत नाही.

उत्पादन सहसा दर ग्रॅम उत्प्रेरकामागे, दर तासाला किती मायक्रोमोल, असे लिहितात. समजा हा आकडा मिथेनसाठी 10 आहे. म्हणजे तासाला 0.16 मिलिग्रॅम. एक किलो उत्प्रेरक याच वेगाने रोज आठ तास चालला, तर घरगुती सिलिंडरमध्ये मावणाऱ्या 14.2 किलो गॅसइतक्या वजनाचे मिथेन तयार व्हायला तीस वर्षे लागतील. शिवाय भुकटी दुप्पट घातली म्हणून वायू दुप्पट मिळत नाही, कारण वरचे कण खालच्यांवर सावली धरतात.

म्हणूनच मला आडवळणाचा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो: प्रकाशाकडून फक्त पाण्याचे विघटन करून घ्यावे आणि मिळालेल्या हायड्रोजनची कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकावर, उष्णता आणि दाब देऊन घडवावी. मिथेनॉलचे कारखाने अशा प्रकारचे उत्प्रेरक कित्येक दशके वापरत आले आहेत. पहिल्या टप्प्यासाठी जपानमध्येच काझुनारी डोमेन यांच्या गटाने 100 चौरस मीटरचे फलक उघड्यावर मांडले आणि 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूर्यप्रकाशातील ऊर्जेपैकी जास्तीत जास्त 0.76 टक्के हायड्रोजनमध्ये उतरली. आकडा लहान आहे, पण तो दिव्याखालचा नसून खऱ्या उन्हातला आहे, आणि त्यात कार्बन कुठून आला हा प्रश्नच उद्भवत नाही.