रस थांबत नाही

गुऱ्हाळावर कुणालाही विचारा, ऊस तोडला की घाई सुरू होते. मोळी दोन दिवस पडली तर गोडी उतरते, आणि गाळलेला रस काही तासांतच आंबू लागतो. चहात साखर ढवळताना ही घाई कुणाच्या ध्यानात येत नाही. पण कॅरिबियन बेटांवर लाखो माणसं विकत घेऊन कशी राबवली गेली, याचं निम्मं उत्तर त्या आंबणाऱ्या रसात आहे. उरलेलं निम्मं मळेवाल्यांच्या हिशेबाच्या वह्यांत.

बार्बाडोसचंच घ्या. १६२७ मध्ये इंग्रज तिथं वसले ते तंबाखू आणि कापूस लावायला. राबायला गोरे करारबद्ध नोकर होते. जहाजाच्या भाड्यापोटी काही वर्षं काम करायचं आणि सुटायचं. १६४० च्या दशकात ब्राझीलकडून साखरेची विद्या आली आणि बेटाचा नूरच पालटला. तंबाखू दोन-चार एकरांत, घरच्या माणसांवर निघतो. साखरेला मात्र चरक, भट्टी, कढया, गोदाम सगळं एका जागी लागतं, आणि तो खर्च वसूल व्हायला मोठा मळा. लहान शेतकरी जमिनी विकून गेले, आफ्रिकेतून आणलेल्यांची संख्या वाढत गेली, आणि १६६१ मध्ये गुलामांसाठीचा कायदा झाला. कामाची रीत आधी रुळली, कायद्यानं मागाहून शिक्का मारला.

शेतात नांगर क्वचितच दिसे. ओळीनं उभं राहून कुदळीनं चौकोनी खड्डे खणायचे, त्यात बेणं लावायचं, वर टोपल्यांनी शेणखत वाहायचं. धडधाकट बाया-पुरुषांची पहिली टोळी, त्यांच्याहून अशक्तांची दुसरी, आणि तण उपटायला मुलांची तिसरी. ऊस तयार व्हायला चौदा ते अठरा महिने.

तोडणी लागली की चरक रात्रंदिवस चाले. तीन उभे लाटे. एक जण पुढून ऊस सारतो, दुसरा मागून तोच ऊस दुसऱ्या फटीत परत घालतो. रात्रपाळीत डुलकी लागली की बोटं लाट्यात जात, मग हात. पवनचक्कीवर चालणारा चरक चटकन थांबत नाही. म्हणून जवळ कुऱ्हाड ठेवलेली असे, हात तोडून माणूस वाचवायला.

उकळघरात चार-पाच कढया ओळीनं, मोठीपासून लहानीपर्यंत. रसात चुना घालायचा, वर येणारी मळी झाऱ्यानं काढायची, रस आटेल तसा पुढच्या कढईत ओतायचा. आपल्या गुऱ्हाळातही चुना आणि मळी हेच चालतं, त्यामुळे हे वाचताना वासही ओळखीचा वाटतो. चुना कमी पडला तर दाणा धरत नाही, जास्त झाला तर साखर काळवंडते. शेवटच्या कढईशी मुख्य उकळ्या, म्हणजे पाक आटवणारा कारागीर. अंगठा आणि बोटात पाक धरून तो तार बघे. लवकर उतरवला तर नुसती काकवी, उशीर झाला तर करप. अख्ख्या हंगामाची कमाई त्याच्या दोन बोटांवर तोललेली, आणि तो स्वतः मालमत्तेच्या यादीत, शेजारी किंमत लिहून. आपल्याकडे गुळव्याचा केवढा मान असतो!

पुढचं काम मात्र निवांत. तळाला भोक असलेल्या मातीच्या शंकूंत पाक ओतायचा, आठवडे-महिने काकवी ठिबकू द्यायची. शुभ्र साखर हवी असेल तर वर ओल्या मातीचा थर; त्यातलं पाणी हळूहळू झिरपत काकवी धुऊन नेतं. काकवीची रम होई.

इंग्लंडमध्ये १७०० च्या सुमारास माणशी वर्षाला दोनेक किलो साखर लागे, १८०० पर्यंत आठ किलो. गुलामव्यापाराच्या साऱ्या काळात आफ्रिकेतून अटलांटिकपार न्यायला सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली. त्यांतली एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली. साखरेच्या बहुतेक बेटांवर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत. मूल वाढवून कामाला येईपर्यंत पोसण्यापेक्षा नवा माणूस विकत घेणं स्वस्त, असा अनेक मळेवाल्यांचा हिशेब होता. क्रौर्यापेक्षा मला हा थंडपणा जास्त भिववतो. १८३३ च्या कायद्यानं ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांतली गुलामगिरी संपवली, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. राबलेल्यांना छदामही नाही.

मॉरिशसमध्ये १८३५ मध्ये गुलाम सुटले, पण ऊस उभाच होता. त्याआधीच, १८३४ पासून, हिंदुस्थानातून करारावर मजूर नेणं सुरू झालं. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसंही होती; तिथले आजचे मराठी भाषक त्यांचेच वंशज. या मजुरांना पगार होता, मुदत होती. पण रस तोच होता, त्याची घाईही तीच. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्याला मळ्यावर ‘डबल कट’ म्हणत.